पट्टा सगळ्यात शेवटी

मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो, घरात पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. मी यवतमाळहून सीपॅप मशीन लावून द्यायला फिरतो, झोपेत ज्यांचा श्वास अडकतो त्यांना रात्रभर मास्कमधून हवा देते ती. काकांचा टेस्टमध्ये तासाला 41 वेळा श्वास अडकत होता, 30 च्या वर सिव्हिअर धरतात, ट्रॅक्टरवर डुलकी लागून एकदा बांधावर चढलेले. आणि मशीन दोन महिने कपाटात! कारण आधी जो कोणी लावायला आला त्यानं पट्टे आवळले, झोपा म्हणाला अन् निघून गेला. याचा मला खरंच राग येतो.

काका म्हणे, "जीव गुदमरते पोरा. लहानपणी बंडीत कापूस तुडवताना वरून गाठोडं पडलं, दबलो होतो मी. थेच याद येते."

मी पट्टे काढूनच टाकले. मास्क त्यांच्या हातात दिला, म्हटलं नाकाशी नुसता धरा, नको वाटलं की हात खाली. आधी मशीन बंद ठेवून, मग चालू करून, रॅम्प लावला म्हणजे प्रेशर 4 पासून सुरू होऊन हळूहळू त्यांच्या 11 वर जाणार.

तेव्हा खरी भीती बाहेर आली. "रात्री लाइन गेली त?"

मी माझा डेमोचा मास्क नाकावर बांधला, खाटेवर आडवा झालो अन् काकूंना म्हटलं, प्लग काढा. काकू काढेचनात. शेवटी काढला. मास्कला बारीक छिद्रं असतात, तोंड तर मोकळंच, मी तसाच पडून बोलत राहिलो आणि काका एकटक माझ्या छातीकडे बघत होते. मग हात पुढे केला, "आण इकडं."

आठ दिवस फक्त दिवसा, टीव्ही बघताना 20 मिनिटं, हातानं धरून. नंतर पट्टा, तोही सैल. मग दुपारची झोप, मग रात्र.

सतराव्या दिवशी पहाटेच काकूंचा फोन. "घोरणंच आयकू नाई आलं बाप्पा, तीनदा उठून छातीवर हात ठेवून पाह्यलं मी." मशीनवर किती तास दाखवते ते वाचायला सांगितलं. पाच तास वीस मिनिटं.