गुणसुंदरी अपडेट: फोटो आला, पण सात वर्षं उशिराचा निघाला

जुने स्टिल (फिल्मच्या वेळी काढलेले फोटो) जोडून 'गुणसुंदरी' हा मूकपट पुन्हा उभा करायचा माझा प्लॅन होता. मागच्या वेळी म्हटलं होतं ना की चोरबाजारातल्या एका डीलरकडे त्यातल्या नायिकेचा, गोहरचा स्टिल आहे आणि तो १९२७ च्या गुणसुंदरीचा म्हणतोय, तर तो आला हातात. नवऱ्याची वाट बघत दारात उभी गोहर, कपाळावर ठसठशीत कुंकू, मी दिवसभर हवेतच होतो.

पण घोळ तुम्हाला माहितीये. कोहिनूर कंपनीचा मूकपट १९२७ चा, आणि त्याच्याच दिग्दर्शकाने, चंदुलाल शहांनी, १९३४ ला रणजित मूव्हीटोन कंपनीत तोच पुन्हा बोलपट केला, नाव तेच, नायिकाही गोहरच! फिल्मचा तुकडा असता तर कडेला साउंड ट्रॅकची पट्टी आहे की नाही बघून निकाल लागला असता, पण स्टिल वेगळ्या कॅमेऱ्याने काढतात, तिथे पट्टी कुठून येणार. मग कुंकवाकडे वळलो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही, म्हणून कुंकू डांबरासारखं काळं येतं. इथेही काळंच होतं, पण स्टिलवाले कुठली प्लेट वापरायचे काय माहीत, आणि गडद कुंकू सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिकवरही काळपटच येणार. म्हणजे पुरावा शून्य.

शेवटी फोटो उलटा केला. मागे डिंकाचे डाग आणि पुसट शिक्का, स्कॅनरमध्ये काहीच दिसेना (स्कॅनरचा उजेड अगदी आडवा पडत नाही, असल्या कामाला कुचकामी, आपला मोबाईल आणि टेबललॅम्प बरा). लॅम्प अगदी आडवा धरला तर इंग्रजीत शेवटचं 'टोन' उमटलं. मूव्हीटोन! म्हणजे रणजित, म्हणजे १९३४. डीलरला फोन केला तर म्हणतो सायलेंटच आहे साहेब, फोटोत आवाज कुठे येतोय. 😑 त्याच्याकडचं सगळंच सायलेंट असतं.

१३०० च्या आसपास मूकपट बनले आणि उरले बोटावर मोजण्याइतके, तेव्हा खरा स्टिल मिळेपर्यंत थांबायचं म्हणजे झालंच. त्यात एक चांगलं झालं, वहिनीला नऊवारीत उभं करून टेस्ट फोटो काढले आणि ऑर्थोसारखं दिसावं म्हणून जिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल चॅनल पूर्ण काढून टाकला, ओठ आणि कुंकू असं झकास काळं आलं की दादा म्हणाला ही कोण बाई. मूकपटात रात्रीच्या सीनला द्यायचे तसा निळा टिंटही जमलाय.

म्हणून आता, म्हणजे हे टाइप करतानाच ठरतंय, स्टिल जोडून फिल्म उभी करायचा प्लॅन रद्द. सगळे सीन आपणच पोज करून काढायचे. घरकामात बुडालेली बायको, नाचणारीकडे जाणारा नवरा, आणि मग बायको नटूनथटून बाहेर पडते तेव्हा याचा जळफळाट, सगळं. १९३४ चा स्टिल फक्त दाराच्या फ्रेमिंगला रेफरन्स. टायटल कार्डं (मूकपटातल्या मजकुराच्या पाट्या) चार भाषांत बनवत बसण्यापेक्षा, तेव्हा थेटरात कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं तसं काकांकडून वाचून घेतो, त्यांचा आवाज खणखणीत आहे.

ठाणे-डोंबिवलीकडे कुणाकडे भोंग्याचा ग्रामोफोन असेल तर कळवा, चालू नसला तरी चालेल, भाडं देईन, नाचणारीची खोली त्याच्याशिवाय फारच रिकामी दिसतेय.