जेवून घे

आमचं इंग्रजी शिक्षकांचं संमेलन होऊन तीन आठवडे झाले. हिशेब मिटले, उरलेली प्रमाणपत्रं पोस्टाने गेली, सभागृहाची अनामत परत मिळाली. एक प्रश्न मात्र अजून माझ्याकडेच राहिलाय. तो माझा नव्हता. वेल्ह्याकडच्या एका बाईंनी तो मला जेवताना सांगितला आणि तासाभराने मी तो दीडशे लोकांसमोर चुकीचा विचारला.

बाहेरच्यांना वाटतं, इंग्रजीचे शिक्षक जमले की आपसांत इंग्रजीत बोलत असतील. तसं नसतं. आमच्यातले बहुतेक जण मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी तिसरी भाषा म्हणून शिकवतात. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा ते ज्यांच्या अंगावर पडलं त्यांनी स्वतः एबीसीडी गिरवली होती पाचवीत. ही माणसं शिकवतात आणि मनापासून शिकवतात. पण माइक हातात घ्यायचा म्हटलं की सभागृहाच्या मागच्या रांगा आधी भरतात. चिपळूणकरांचं वाघिणीच्या दुधाचं वाक्य उद्घाटनात हमखास येतं. समोर बसलेल्यांना ते दूध किती जड जातं, याबद्दल कुणी बोलत नाही. व्यासपीठावर मराठी बोलायचं नाही, हा आमचा नियम. तो करणाऱ्यांत मीही होते. वर्षातले दोन दिवस तरी ही भाषा आपण तोंडातून काढू, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

या वर्षी बोलवलेल्या लेखिका पुण्याच्याच. घरात मराठी, लिहितात इंग्रजीत. त्यांची एक कथा आम्ही महिनाभर आधी सगळ्यांना झेरॉक्स काढून पाठवली होती. वाड्यातलं स्वयंपाकघर, तिन्हीसांजेची वेळ. मुलगा कामावरून आलेला नाही. आजी सुनेला म्हणते, ‘ईट समथिंग.’ सून म्हणते, ते आल्यावर. आजी भांडी आवरते, देवापाशी दिवा लावते आणि पुन्हा तेच म्हणते. रात्री उशिरा निरोप येतो.

पहिल्या दिवशीच्या भाषणाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सत्कारात चाळीस मिनिटं गेली. प्रश्न विचारा म्हटल्यावर शांतता. मग एकाने प्रेरणा कुठून मिळते ते विचारलं, दुसऱ्याने विद्यार्थ्यांसाठी संदेश मागितला, तिसऱ्या सरांनी स्वतःचंच भाषण केलं. जेवायला लेखिकाबाईंना आम्ही प्राचार्यांच्या खोलीत नेलं, पदाधिकाऱ्यांबरोबर, दार लावून. ज्यांच्यासाठी त्या आल्या होत्या ते शिक्षक खाली मंडपात ताटं धरून उभे. माझ्या मते ही आपल्या सगळ्याच संमेलनांची वाईट खोड आहे. पाहुण्याला मान देतो म्हणतो आणि त्याला माणसांपासून तोडतो.

दुसऱ्या दिवशी केटरर परवडणार नव्हता, म्हणून अंगत-पंगत ठरली होती. पुण्यातल्यांनी जास्तीचा डबा आणायचा, बाहेरगावच्यांनी जमेल ते. लेखिकाबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, मीही डबा आणते. त्या सतरंजीवर येऊन बसल्या आणि सभागृहाचं रूपच पालटलं. जुन्नरच्या मॅडमनी मासवडी आणली होती, रस्सा वेगळ्या किटलीत. सासवडच्या सरांनी पिशवीभर सीताफळं. कुणाकडे दिवाळीतल्या शेवटच्या चकल्या होत्या. आदल्या दिवशी तोंड न उघडलेली माणसं एकमेकांच्या डब्यात हात घालून कथेवर बोलत होती. सून तशी का वागली, सासू एवढी शांत कशी, आमच्या आजीकडेही असाच पितळी डबा होता. सगळं मराठीत. मी लेखिकाबाईंपासून बरीच लांब, दुसऱ्या टोकाला बसले होते.

माझ्या शेजारी त्या बाई होत्या. तांदळाची भाकरी आणि घेवड्याची भाजी. त्यांची पदवी भूगोलाची. शाळेत इंग्रजीला माणूस नाही म्हणून आठवी ते दहावीचं इंग्रजी त्यांच्याकडे आलं, त्याला नऊ वर्षं झाली. भाकरीचा तुकडा माझ्या ताटात ठेवत त्यांनी विचारलं, “मॅडम, एक विचारू? ती आजी मराठीत काय म्हणाली असेल हो? ‘जेव’ म्हणाली असेल, का ‘जेवून घे’?”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. ‘जेव’ हे रोजचं आहे. ‘जेवून घे’ रोजचं नाही. कुणी आजारी असेल, रात्र जागून काढायची असेल, घरात काही वाईट व्हायचं असेल आणि ते मोठ्या माणसाला आधी समजलं असेल, तेव्हा ते धाकट्याला म्हणतं, जेवून घे. म्हणजे नंतर घास उतरणार नाही, आत्ताच खा. “माझे वडील गेले ना, तेव्हा निरोप यायच्या आधी चुलतीने मला असंच जेवायला बसवलं होतं. मला काही माहीत नव्हतं. तिला होतं.” मग त्यांनी झेरॉक्स काढून दाखवली. दोन्ही ‘ईट समथिंग’खाली पेन्सिलीने रेघ, समासात बारीक अक्षरात: पहिल्यांदा जेव, दुसऱ्यांदा जेवून घे? “दुसऱ्या वेळेला आजीला कळलेलं आहे, असं मला वाटतं. इंग्रजीत दोन्ही सारखंच छापलंय. तेवढंच त्यांना विचारायचं होतं.”

मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवते, दहावीच्या उत्तरपत्रिका तपासते. कृतिपत्रिकेत, म्हणजे आताच्या प्रश्नपत्रिकेत, उताऱ्याखाली स्वतःच्या मताचा दोन गुणांचा प्रश्न असतो. गठ्ठा सोडला की एकेका शाळेच्या मुलांचं मत शब्दाशब्दाने सारखं निघतं, कारण ते मार्गदर्शकातून पाठ केलेलं असतं. कवितेच्या रसग्रहणाला पाच गुण. त्यात शीर्षकाला अर्धा, कवीच्या नावाला अर्धा. कविता न वाचताही एक गुण हातात येतो आणि तो कसा मिळवायचा हे आम्ही वर्गात आधी शिकवतो. नापास होण्याच्या काठावरच्या मुलाला तो एक गुण लागतो, हे खरं आहे. पण वर्षानुवर्षं असं शिकवून माझं स्वतःचं वाचनही तसंच झालंय. ही कथा मी तीनदा वाचली होती. विषय, पात्रं, शेवट, सगळ्याच्या टिपणी माझ्या वहीत होत्या. ती एक ओळ दोनदा आलीय, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आपल्या भाषेत हे ‘घे’, ‘टाक’, ‘ठेव’, ‘दे’ किती काम करतात! करून घे, करून टाक, करून ठेव, करून दे. क्रिया एकच, पण ती कुणासाठी आहे, मनापासून आहे की एकदाची उरकायची आहे, पुढची सोय म्हणून आहे का, हे सगळं त्या छोट्या शब्दात येतं. व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात. ‘टेक ऑफ’ आणि ‘टेक आफ्टर’ यांतला फरक मी मुलांकडून तासभर घोटून घेते. ‘जेव’ आणि ‘जेवून घे’ यांतला फरक त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला आधीच येत असतो, आणि त्याचा हात धरून इंग्रजीकडे जाता येईल हे मला कधी सुचलं नाही.

हे सगळं मला नंतर सुचलंय. त्या दिवशी मी फक्त भारावले आणि म्हणाले, “हे दुपारच्या सत्रात विचाराच.” त्या नको म्हणाल्या. इंग्रजीत जमणार नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, मी आहे ना.

दुपारी सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. पहिला प्रश्न म्हणून मी त्यांचं नाव घेतलं. त्या उभ्या राहिल्या. माइक हातात आला. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, “मॅडम, इन युवर स्टोरी...” आणि थांबल्या. हातातला झेरॉक्सचा कागद हलत होता. सभागृह एकदम गप्प झालं, आणि ती शांतता मला सहन झाली नाही. मराठीत विचारा, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. लेखिकाबाई मराठी, विचारणाऱ्या मराठी, ऐकणारे सगळे मराठी. पण नियम होता, मागे फलक होता, पहिल्या रांगेत पदाधिकारी होते. मी म्हटलं, आय विल हेल्प यू, आणि त्यांच्या वतीने विचारायला लागले. दोनतीन सेकंद ‘घे’ला इंग्रजी शब्द शोधला. ‘गो अहेड अँड ईट’? ‘हॅव युवर मील’? काहीच बसेना. मग जे सोपं होतं ते तोंडून बाहेर पडलं: तुम्ही इंग्रजीत लिहिता तेव्हा मराठीत विचार करता का?

टाळ्या पडल्या. लेखिकाबाईंनी हा प्रश्न आयुष्यात कितीदा ऐकला असेल कोण जाणे. त्यांनी सौजन्याने ठरलेलं उत्तर दिलं, दोन भाषांत जगण्याबद्दल. पुन्हा टाळ्या. बाई कधी खाली बसल्या ते मला दिसलं नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेत भाषांतराला पाच गुण आहेत, शब्द, वाक्यं आणि एक म्हण. इतकी वर्षं ते मी शिकवलंय, तपासलंय, चुकलेल्याखाली लाल रेघ मारलीय. त्या दिवशी वाक्यातला जीवच मी गाळला होता.

चहाच्या वेळी त्या पायऱ्यांवर भेटल्या. खांद्याला पिशवी, स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी गाठायची होती. हळू आवाजात म्हणाल्या, “मॅडम, माझा प्रश्न ‘घे’चा होता.” त्यात राग नव्हता. मी काहीतरी पुटपुटले. त्या निघून गेल्या.

संध्याकाळी लेखिकाबाईंना रिक्षाने घरी सोडायला मी गेले. लकडी पुलाच्या अलीकडे गर्दीत रिक्षा अडकली होती, तेव्हा त्यांनीच विचारलं, “त्या बाईंना दुसरंच काहीतरी विचारायचं होतं ना?” मी सगळं सांगितलं, मराठीत, चुलतीसकट. त्यांनी ‘जेवून घे’ दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग म्हणाल्या, “आजीला कळलंय, हे दाखवायला मी ती भांडी आवरायला लावली, दिवा लावायला लावला. पानभर खटपट केली. त्या बाईंनी ते एका शब्दात ओळखलं.” पुढे पूल ओलांडून घर येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. उतरताना त्यांनी बाईंचा नंबर मागितला. मी विचारून कळवते म्हटलं.

पुढच्या वर्षी एक सत्र मराठीतून ठेवावं, असं मी कार्यकारिणीत मांडलं. इंग्रजी शिक्षकांच्या संमेलनात मराठी सत्र शोभेल का, असं विचारलं गेलं आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढच्या बैठकीत मी तो पुन्हा मांडणार आहे, आणि अंगत-पंगत दोन्ही दिवस हवी हेही सांगणार आहे.

गेल्या आठवड्यात मी बाईंना फोन केला. मागे मुलांचा गलका होता, मधली सुट्टी असावी. लेखिकाबाई रिक्षात काय म्हणाल्या ते सांगितलं, नंबर देऊ का विचारलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या.

“म्हणजे आजीला कळलंच होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही त्यांना मराठीतच सांगितलंत ना?”

“मराठीतच.”

“मग बरं झालं,” त्या म्हणाल्या. “द्या नंबर.”

तेवढ्यात तिकडे घंटा झाली. माफ करा, हे म्हणायचं राहूनच गेलं.