तुम्ही विचारलंत म्हणून: बीपी कमी असताना सलाईन का थांबवलं?

इमर्जन्सीत काम करायला लागल्यापासून हा प्रश्न ऐकला नाही असा आठवडा गेला नाही. पेशंटचं बीपी पडलेलं असतं, एक बाटली संपलेली, दुसरी संपत आलेली आणि घरचे पडद्याआडून विचारतात, मॅडम, बीपी अजून वर आलं नाही ना, मग सलाईन बंद का केलंत? त्या धावपळीत मला धड सांगता येत नाही आणि ते मनाला लागून राहतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

सलाईन हे औषध आहे, त्याला डोस असतो. एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं आणि क्लोराईड आपल्या रक्तातल्यापेक्षा बरंच जास्त, म्हणून बऱ्याचदा आम्ही आरएल (रिंगर लॅक्टेट, क्लोराईड कमी असलेलं दुसरं सलाईन) लावतो. आणि शिरेत गेलेलं पाणी शिरेतच थांबतं असंही नाही, त्यातलं बरंचसं थोड्याच वेळात आजूबाजूला झिरपतं, सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग होऊन अवयवच धोक्यात येतात तेव्हा, तर रक्तवाहिन्या आधीच गळक्या झालेल्या असतात त्यामुळे ते फुफ्फुसातही साठायला लागतं.

एक आजोबा आठवतात. ताप, ग्लानी, वरचं बीपी ८०, हातपाय गार. बोटाचं टोक १० सेकंद दाबून सोडलं तर गुलाबी रंग परत यायला ६ सेकंद लागले, ३ च्या आत यायला हवा. ५०० मिली भरभर सोडलं, परत दाबून पाहिलं, ४ सेकंद. म्हणजे उपयोग होतोय, म्हणून अजून ५०० दिलं, पण यावेळी फरक नाही. मग बेडची पाठ खाली करून दोन्ही पाय उचलून धरले, म्हणजे पायातलं रक्त आपोआप हृदयाकडे येतं, बाहेरून थेंबही न घालता कळतं की हृदयाला आणखी पाणी हवंय का. काहीच हललं नाही, श्वास मात्र वाढला आणि स्टेथोस्कोप पाठीला खाली लावला तर बारीक करकर ऐकू आली, म्हणजे फुफ्फुसात पाणी साठायला लागलं होतं. तिथे मी सलाईन थांबवलं आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध चालू केलं, कारण आता प्रॉब्लेम पाण्याचा नव्हता, रक्तवाहिन्या सैल पडण्याचा होता. मुलाला वाटलं आम्ही हात टेकले. खरं तर उपचार तेव्हा बदलला होता, थांबला नव्हता.

हे काही माझ्या मनाचं नाही. २०११ साली फीस्ट नावाचा अभ्यास आला, युगांडा, केनिया, टांझानियातली ३ हजारांवर तापाने गंभीर आजारी मुलं, काहींना बोलस दिला, म्हणजे शिरेतून बरंच पाणी एकदम भरभर सोडलं, काहींना नाही. बोलसवाल्या गटात ४८ तासांत १०० पैकी १० ते ११ मुलं गेली, न दिलेल्यांत ७. तिथे व्हेंटिलेटरची सोय नव्हती, त्यामुळे ते आकडे सगळीकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण आजही बाटलीची चकती पूर्ण उघडताना माझा हात क्षणभर थांबतो.

याचा अर्थ सलाईन वाईट असा अजिबात घेऊ नका, प्लीज. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाला ते भरपूर आणि लवकरच लागतं. १८३२ मध्ये कॉलराच्या साथीत थॉमस लट्टा या स्कॉटिश डॉक्टरने शिरेतून मिठाचं पाणी दिलं आणि मरणाच्या दारातले काही पेशंट परत आले, सुरुवातच तिथून झाली. सेप्सिसमध्येही पहिल्या ३ तासांत किलोमागे ३० मिली असा साधारण हिशोब धरतात, पण तो पेशंट बघून. आणि रक्त वाहून गेलं असेल तर रक्तच द्यावं लागतं, सलाईनने उरलेलं रक्त फक्त पातळ होतं.

तुमच्याकडून मदत हवी असेल तर ती एवढीच, की आल्या आल्या आम्हाला सांगा, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे का, आणि शेवटची लघवी कधी झाली. हे दोन मिनिटांत कळलं तर पुढची बाटली लावायची की नाही हे ठरवणं खूप सोपं जातं.