चार तास गेटवर, सात मिनिटं आत (माझा इंटरव्ह्यूचा अनुभव)

दोन आठवडे झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. मी मेकॅनिकलवाला, तीन वर्षं एका छोट्या युनिटमध्ये मेंटेनन्स केलाय. लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून मेंटेनन्स इंजिनिअरसाठी कॉल आला. फोन, मेल, कागदपत्रं सगळं दोन दिवसांत झालं.

वेळ सकाळी दहाची. आमचं घर गुहागरकडे, त्यामुळे पहाटेची एसटी धरून चिपळूण, मग खेडची गाडी, परशुराम घाट चढून लोट्याला उतरलो, पाऊस धो धो पडत होता तरी पावणेदहाला गेटवर हजर. सिक्युरिटीवाल्याने नाव लिहून घेतलं, मोबाइल जमा करून घेतला, बाकड्यावर बसा म्हणाला. अकरा वाजले, बारा वाजले, विचारलं की एकच उत्तर, साहेब मीटिंगमध्ये आहेत. दीड वाजता भूक लागली पण बाहेर जाऊन वडापाव खावा आणि नेमकं तेव्हाच बोलावलं तर? म्हणून हललो नाही. आई घरी काळजी करत असणार हे माहीत होतं आणि तिचा नंबर पाठ नाही. केमिकल प्लांटमध्ये सॉल्व्हेंटच्या पेट घेणाऱ्या वाफा असतात, साधा मोबाइल आत चालत नाही, ते बरोबरच आहे, पण तुम्ही जाल तेव्हा दोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. आणि पोटभर नाश्ता करून जा.

पावणेदोनला आत नेलं. मी आदल्या रात्री जागून पंपाचं सगळं वाचून गेलेलो. कॅव्हिटेशन, सक्शनला म्हणजे पाणी आत खेचायच्या बाजूला प्रेशर कमी पडलं की वाफेचे बुडबुडे होऊन इम्पेलरवर (पंपातल्या फिरत्या चाकावर) फुटतात आणि केसिंगमध्ये, म्हणजे पंपाच्या कवचात, खडे फिरल्यासारखा आवाज येतो, गरम पाण्याला हा त्रास जास्त का, सगळं तयार. एकही प्रश्न नाही! साहेबांनी बायोडाटा उलटा-पालटा केला आणि पहिलाच प्रश्न, "तुम्ही लोकल ना? गणपतीला किती दिवस सुट्टी घेता?"

मी सांगितलं, घरी पाच दिवसांचे गणपती असतात, पण मागच्या युनिटला दोन वर्षं गणपतीतच शटडाऊन (दुरुस्तीसाठी प्लांट बंद) होतं, दोन्ही वेळा मी तिथेच होतो, फक्त विसर्जनाला घरी गेलो. "आणि शिमग्याला?" पालखी घरी येते त्या दिवशी सुट्टी लागेल म्हटलं, खोटं कशाला बोलू? ते म्हणाले, लोकल पोरं सणाला गायब होतात, आम्हाला अनुभव आहे. मग पगार किती पाहिजे, आणि कळवतो. सात मिनिटं. घड्याळ बघितलं होतं मी.

शटडाऊनला माणूस लागतो, मलाही कळतं. सुट्टीचं विचारायचा त्यांना हक्क आहे. पण हे फोनवर विचारता आलं असतं, आणि दोन वर्षं सणात ड्युटी केलेल्या माणसाला तोंडावर गायब होता म्हणणं मला लागलं. बाबांना सांगितलं तर ते गप्पच बसले.

हो, अनुभवाच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स घरूनच प्लास्टिकमध्ये घालून न्या, माझी पावसात भिजली. आठवड्याने मी फोन केला तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, अजून ठरलं नाही.

पुढच्या सोमवारी महाडला एक इंटरव्ह्यू आहे. यावेळी आधीच विचारलं, टेक्निकल कोण घेणार? मेंटेनन्स हेड स्वतः घेणार म्हणाले. पंपाची वही परत काढलीय.