मेम्फिसमधली खोकी

मेम्फिसला बहुतेक लोक एल्विससाठी येतात. मी आधी मॅक्लेमोर अव्हेन्यू गाठला. 'स्टॅक्स' ही सोलची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांमधून आलेल्या भावपूर्ण गायकीची, रेकॉर्ड कंपनी. तिची मूळ वास्तू आता नाही. कंपनी १९७५ मध्ये बुडाली, स्टुडिओ १९८९ मध्ये पाडला, आणि त्याच जागी तसाच दर्शनी भाग उभारून २००३ मध्ये संग्रहालय उघडलं. स्टुडिओ मुळात एक जुनं सिनेमागृह होतं, म्हणून आतली जमीन मुद्दाम उतरतीच ठेवलीय. शेजारी कंपनीच्या सहसंस्थापक एस्टेल ॲक्स्टन रेकॉर्डचं दुकान चालवायच्या. पोरं काय ऐकतात, काय विकत घेतात, हे त्यांना तिथे आपसूक कळायचं.

संग्रहालय छानच आहे, पण काचेआडच्या रेकॉर्ड हातात घेता येत नाहीत. तिथून निघालो ते मॅडिसन अव्हेन्यूवरच्या 'शांग्री-ला' या रेकॉर्डच्या दुकानात. सोलच्या ४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या) छोट्या तबकड्यांची खोकी समोर आली, की मी गायकाच्या नावाआधी मधलं गोल लेबल बघतो. ते कागद चिकटवल्यासारखं दिसलं, तर माल बहुधा स्टायरीन या स्वस्त प्लॅस्टिकचा. व्हिनाइल हे रेकॉर्डचं नेहमीचं प्लॅस्टिक; त्यावर लेबल तबकडी दाबतानाच बसतं, डिंक लागत नाही. स्टायरीन वितळवून साच्यात सोडतात. काम झटपट आणि स्वस्त, पण पिन ते लवकर खाते. त्यातून रेडिओवाले गाण्याची सुरुवात पकडायला तबकडी पुढेमागे फिरवत. पहिल्या काही सेकंदांची खरखर ही त्यांचीच देणगी. वरून तबकडी आरशासारखी लखलखत असते, म्हणून नुसत्या चकाकीवर पैसे टाकू नयेत.

मग तबकडी उजेडात तिरपी धरायची आणि लेबलालगतची कोरी पट्टी वाचायची. त्रिकोण आणि पुढे आकडा कोरलेला असेल, तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची, म्हणजे बहुधा स्टायरीन. स्टॅक्सचा बराच माल मेम्फिसमध्येच, चेल्सी अव्हेन्यूवरच्या 'प्लॅस्टिक प्रॉडक्ट्स'मध्ये निघायचा, आणि तो व्हिनाइलचा. गाणं एकच, लेबल तेच निळं, पण तबकडी निराळी.

मला तर चरे पडलेलं व्हिनाइल चालतं. चऱ्याची टकटक येते आणि जाते. झिजलेल्या स्टायरीनमध्ये मात्र गायकाने आवाज चढवला, की तो फाटतोच. स्टॅक्सचा गायक ओटिस रेडिंग याच्या बाबतीत हे फार महागात पडतं, कारण तो चढवतोच!

दुकानदाराने विचारलं, "ऐकून बघणार?" कोपऱ्यात टर्नटेबल होतं. निवडलेल्यांपैकी निम्म्या तबकड्या परत खोक्यात गेल्या.