आमच्या कचऱ्याचं खरं वजन कळेपर्यंत: माझा अनुभव

नऊ आठवडे. आमच्या आवारातून तीन महिन्यांत नेमका किती किलो पुठ्ठा बाहेर गेला, एवढ्या एका उत्तरासाठी मी नऊ आठवडे घालवले. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय. कोणाचा तरी वेळ वाचावा.

आमचं ऑफिस आणि गोदाम एकाच आवारात आहे. पुठ्ठा, पॅकिंगचं प्लास्टिक, मोडके लाकडी पॅलेट, कागद, कँटीनचा ओला कचरा, अधूनमधून जुने कॉम्प्युटर. पूर्वी प्रत्येकासाठी वेगळा माणूस यायचा आणि वेगळं बिल यायचं. म्हणून सगळं काम एका कंपनीकडे दिलं, जी डब्यांना सेन्सर लावते, डबा भरत आला की गाडी पाठवते आणि किती कचरा कुठे गेला याचा अहवाल डॅशबोर्डवर देते. सेन्सर बसले, ॲप चालू झालं, चार दिवसांत डबे बदलले. त्यात कसलाही त्रास झाला नाही.

तिमाही संपली आणि डॅशबोर्डवर पुठ्ठ्यासमोर आकडा आला: १४.६ टन. मी चमकलेच. पुठ्ठा नेणाऱ्या आधीच्या माणसाच्या काट्याच्या पावत्या माझ्याकडे होत्या. आदल्या वर्षी त्याच तीन महिन्यांत ९ टनांच्या आसपास पुठ्ठा गेला होता आणि गोदामातली मालाची ये-जा काही वाढलेली नव्हती. हा आकडा आम्हाला वार्षिक शाश्वतता अहवालात द्यायचा होता. तपासायला आलेल्या लेखापरीक्षकांनी एकच विचारलं, "हे वजन कुठल्या काट्यावरचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी ॲपमध्ये तिकीट टाकलं, म्हणजे तक्रार नोंदवली. उत्तर आलं, अहवाल प्रणालीतून आपोआप तयार होतो. पुन्हा विचारलं, तर अहवाल डाउनलोड कसा करायचा ते कळवलं. मी शनिवारी सविस्तर लिहिलं, सोमवारी पाहते तर "प्रतिसाद न आल्यामुळे" तिकीट बंद. नवीन तिकीट म्हणजे नवीन माणूस आणि पहिल्यापासून सगळी हकिकत. असं तीनदा झालं. उद्धटपणे कोणीच बोललं नाही, पण मी काय विचारतेय तेही कोणी नीट वाचत नव्हतं. मला वजनकाट्याची पावती हवी होती, जिच्यावर भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि दोन्ही वजा करून राहिलेलं निव्वळ वजन असतं. एवढंच. सहा आठवडे गेले आणि लेखापरीक्षकांचे फोन सुरू झाले.

सहाव्या आठवड्यात मी तिकिटांचा नाद सोडला आणि आमच्याकडे येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरदादांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, तुमचा पुठ्ठा वेगळा कुठे मोजतो? सात-आठ ठिकाणांचा माल घेऊन एकदाच काट्यावर जातो." त्यांच्याकडून वाहतूक पाहणाऱ्या बाईंचा नंबर मिळाला आणि त्यांनी दहा मिनिटांत सगळं उलगडून सांगितलं. आमचं वजन कधी झालंच नव्हतं. डब्याचं आकारमान, गुणिले सेन्सरने दाखवलेली टक्केवारी, गुणिले पुठ्ठ्याची एक ठरावीक घनता. जे उत्तर आलं तेच डॅशबोर्डवर टनांत.

आता हा सेन्सर काय करतो ते समजून घ्या. झाकणाच्या आतून तो आवाजाची लहर खाली सोडतो, ती कचऱ्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून डबा किती भरला ते ठरवतो. त्याला वजन कळत नाही. न मोडलेलं एक मोठं खोकं तोंडाशी तिरकं अडकलं की निम्मा रिकामा डबाही त्याला भरलेला दिसतो. आमच्याकडे खोकी उभीच टाकली जात होती, म्हणजे डब्यात पुठ्ठ्यापेक्षा हवाच जास्त. कंपनीची घनता मात्र चपट्या केलेल्या पुठ्ठ्याची होती.

मग मी गोदामातला प्लॅटफॉर्म काटा डब्यांच्या जागेपाशी आणून ठेवला. सफाईचं काम पाहणारे दोघे आणि मी, आम्ही दोन आठवडे पुठ्ठ्याचा प्रत्येक डबा भरलेला आणि रिकामा असा दोनदा मोजला, तारीख-वेळ लिहिली, काट्याच्या आकड्याचा फोटो काढला. ११०० लिटरच्या डब्यात कंपनी ६४ किलो धरत होती. आमची सरासरी आली ४१ किलो. हे तुम्हीही करा, आणि माझ्यासारखं सातव्या आठवड्यात नको, पहिल्याच आठवड्यात करा. त्या वहीची पानं पाठवल्यावर मात्र दोन दिवसांत फोन आला, तोही वरच्या माणसाचा.

त्याच फोनवर दुसरी गोष्ट निघाली. डॅशबोर्डवर "९२ टक्के कचरा डम्पिंगपासून वाचवला" असं हिरव्या अक्षरांत होतं. त्यात जाळून ऊर्जा मिळवण्यासाठी गेलेला मालही धरला होता. आमचा अहवाल जीआरआयच्या, म्हणजे ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, निकषांवर असतो आणि जीआरआय ३०६ हा २०२० चा कचऱ्याविषयीचा निकष असं जाळणं विल्हेवाटीत धरतो, ऊर्जा मिळाली तरीही. शिवाय ओल्या कचऱ्याने खराब झाल्यामुळे कारखान्याने परत पाठवलेल्या दोन फेऱ्याही "पुनर्वापर" या रकान्यात होत्या. दुरुस्ती केल्यावर आकडा ७१ वर आला. तो कमी आहे, पण त्याच्यावर मी सही करू शकते.

करार करतानाच विचारून घ्यायला हवं होतं ते असं. अहवालातलं कुठलं वजन मोजलेलं आणि कुठलं अंदाजे, हे प्रत्येक ओळीत लिहून मिळेल का? परत आलेल्या फेऱ्या दाखवणार का? पावत्या किती दिवसांत मिळणार? आमच्या करारात यातलं एकही वाक्य नव्हतं. आता आहे.

आणखी एक, जुन्या कॉम्प्युटरच्या बाबतीत "डेटा नष्ट केला" एवढ्या प्रमाणपत्रावर समाधान मानू नका. प्रत्येक हार्ड डिस्कचा अनुक्रमांक त्यावर हवा. लिथियम बॅटऱ्या कुठल्याही डब्यात जाऊ देऊ नका, गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात. प्लास्टिकवर त्रिकोणातला आकडा आहे म्हणजे त्याचा पुनर्वापर होणारच, असंही नाही. तो आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो.

खोकी आता आम्ही चपटी करूनच टाकतो. आठवड्याला तीन फेऱ्या व्हायच्या, दोन होतात. ॲपचा वेळापत्रकाचा भाग खरंच चांगला आहे, गाडी ऐन वेळी येते, हेही सांगायलाच हवं.

नवव्या आठवड्याच्या गुरुवारी सुधारलेला अहवाल आला. पुठ्ठा ९.४ टन, आणि शेजारी नवीन रकाना: "डब्यामागे वजन ग्राहकाच्या नोंदीप्रमाणे". मी तो छापला आणि लेखापरीक्षकांना पाठवण्याआधी गोदामात नेऊन त्या दोघांना दाखवला.