ताईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया

आज ताईच्या उजव्या डोळ्याच्या नसेवरची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. वाकून उठताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि कानात नाडीच्या ठोक्यांसारखा आवाज येणे, ही तिची सुरुवातीची लक्षणे होती. एमआरआयमध्ये गाठ नव्हती, परंतु पाठीच्या कण्यातून मेंदूभोवतीचे पाणी काढताना त्याचा दाब २५ सेंटीमीटर (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत) या मर्यादेपेक्षा बराच वर निघाला, आणि हा दाब उतरवणाऱ्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या घेऊन, वजन उतरवूनही नजरेचा घेर आक्रसतच गेला.

मेंदूभोवतीचे हे पाणी डोळ्याच्या नसेच्या आवरणातही उतरते. त्यामुळे कवटीतला दाब वाढला की नस आवळली जाऊन सुजते. सर्जननी नाकाकडच्या बाजूने आत जाऊन, डोळा वळवणारा एक स्नायू तात्पुरता सोडवून, त्या आवरणाला बारीक खिडकी पाडली आणि साठलेले पाणी बाहेर आले. आवरणाला खिडकी पाडण्याची ही वाट १८७२ मध्ये नेत्रतज्ज्ञ द वेकर यांनी दाखवली, याचे मला फार अप्रूप वाटते.

उरलेली नजर वाचवणे हाच यामागचा उद्देश असल्याने डोकेदुखी कदाचित राहील, असे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले होते. गोळ्या चालूच राहतील. अशी अंधारी कुणाला येत असेल, तर केवळ चष्म्याचा नंबर न तपासता बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याचा पडदा अवश्य तपासून घ्यावा, ही कळकळीची विनंती.